महेश्वरचा मुक्काम : वाडा, धर्मशाळा आणि खासगी

सवड काढून महेश्वरला नर्मदाकाठी एखाददुसरी रात्र राहून येणे ही इंदूरच्या मराठी कुटुंबांची जुनी आवड आहे. मानपूर-धामनोदच्या हमरस्त्याने हे अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर भरते. महूवरून जाम घाट उतरून मंडलेश्वरकडून गेल्यास वळणे अधिक, पण विंध्याची कड पाहायला मिळते. किल्ल्यातील होळकरांच्या वाड्यात भाडे देऊन उतरण्याची सोय २००० साली सुरू झाली आणि तेव्हापासून या मुक्कामाचे वर्णन बहुधा ‘अहिल्याबाईंचे आदरातिथ्य’ अशा शब्दांत केले जाते. ते वर्णन कानाला गोड वाटले, तरी त्यात दोन वेगळ्या परंपरांची सरमिसळ होते.

नदीकाठी परक्या माणसाला निवारा देण्याची रीत येथे परिक्रमेमुळे रुजली. नर्मदा उजव्या हाताला ठेवून, पात्र कोठेही न ओलांडता, दोन्ही तीरांवरून अडीच हजारांहून अधिक किलोमीटर चालायचे आणि चातुर्मासात एका जागी थांबायचे, असा तिचा नेम आहे. पावसाळ्याचे चार महिने थांबणाऱ्या माणसाला रात्रीपुरती ओसरी पुरत नाही. त्याला कोरडी जागा आणि शिधा दोन्ही लागतात. म्हणूनच काठावर धर्मशाळा आणि सदावर्त ही जोडी सहसा एकत्र आढळते.

होळकरांकडे या खर्चाची तजवीज राज्याच्या तिजोरीतून नव्हे, तर ‘खासगी’तून, म्हणजे घराण्याच्या स्वतंत्र उत्पन्नातून होत असे. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर दिली. तिचे उत्पन्न दौलतीच्या हिशेबापासून वेगळे राहिले आणि १७६१ मध्ये गौतमाबाईंच्या निधनानंतर ते अहिल्याबाईंकडे आले. फौजेचा आणि कारभाराचा खर्च दौलतीवर, तर घाट, विहिरी, मंदिरे आणि धर्मशाळा खासगीवर, अशी ही विभागणी होती. काशी, गया आणि सोमनाथ येथे माळव्याच्या सीमेपलीकडे जाऊन अहिल्याबाईंनी जी बांधकामे केली, त्यांमागे हीच सोय होती. दुसऱ्याच्या राज्यात देऊळ बांधताना तो एका राज्याचा हस्तक्षेप न ठरता एका व्यक्तीचा दानधर्म ठरत असे. त्यांच्या धर्मनिष्ठेविषयी जेवढे लिहिले जाते, तेवढे या हिशेबी शिस्तीविषयी लिहिले जात नाही.

वाड्याची गोष्ट याहून निराळी आहे. मल्हारराव १७६६ मध्ये वारले, नातू मालेराव पुढच्याच वर्षी गेले आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी महेश्वरहून कारभार पाहिला. खाली नदीला भिडलेले घाट आणि मंदिरे कोरीव दगडाची आहेत, तर वर त्यांचे राहते घर लाकडी खांबांचे, कौलारू आणि बेताचेच आहे. राजवाडा म्हणून भपका पाहायला येणारे येथे थोडे हिरमुसतात. पण मुक्कामाच्या दृष्टीने ही साधी मोजमापेच उपयोगाची ठरली, कारण दरबारी दालनांपेक्षा चौकाभोवतीच्या खोल्या पाहुण्यांसाठी सहज वापरता येतात.

महिदपूरला इंग्रजांकडून झालेल्या पराभवानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली. महेश्वरातील दरबार गेला, मात्र गादीचा मान आणि पूजाअर्चा चालू राहिल्या.

खरा बदल संस्थान विलीन झाल्यावर घडला. १९४८ मध्ये मध्यभारत संघ झाला आणि पुढच्या वर्षीच्या करारानुसार खासगीचे उत्पन्न सरकारकडे गेले; त्याच्या बदल्यात या धर्मादाय संस्थांच्या देखभालीसाठी सरकारने दरवर्षी २,९१,९५२ रुपये कायमचे राखून ठेवायचे ठरले. हा आकडा त्या काळी भक्कम होता, परंतु पुढील दशकांच्या महागाईपुढे अशी ठरलेली रक्कम टिकणे शक्यच नव्हते. १९६२ मध्ये या मालमत्तांसाठी ‘खासगी’च्याच नावाने न्यास स्थापन झाला. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि जुने वाडे सांभाळायचे तर त्यांनीच काही कमवावे, हा विचार देशभर बळावला. महेश्वरात वाड्याआधी हातमागाला हात घातला गेला: इंदूरचे अखेरचे संस्थानिक यशवंतराव होळकर यांचे पुत्र रिचर्ड आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘रेवा सोसायटी’ उभी करून महेश्वरी साडीच्या विणकरांना पुन्हा काम दिले. वाड्यात पाहुणे उतरू लागले ते त्यानंतर दोन दशकांनी.

म्हणजे आजचा भाड्याचा मुक्काम वारसा सांगतो तो राहत्या घराचा, धर्मशाळेचा नव्हे. अशा निवासात गैर काही नाही, उलट वापरात असलेले घर रिकाम्या घरापेक्षा अधिक टिकते, असे माझे मत आहे. फक्त जाहिरातीने त्याला दानधर्माचे नाव देऊ नये. दानधर्माची बाजू वेगळ्याच वाटेने न्यायालयात पोहोचली. न्यासाच्या काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद उभा राहिला, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने २०२० मध्ये निर्णय दिला आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या ‘खासगी’ न्यासाला मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा लागू असल्याचे सांगून त्याखाली नोंदणी करण्यास फर्मावले.