शून्यातून तंत्रज्ञान-उभारणी (मराठवाड्याच्या संदर्भात)

शून्यातून तंत्रज्ञान-उभारणी : आधुनिक ज्ञान डोक्यात आहे, पण हाती एकही आधुनिक साधन नाही आणि भोवती प्राचीन काळ आहे, अशा स्थितीत माणसाला काय काय नव्याने उभे करता येईल याचा पद्धतशीर विचार. प्रयोग कल्पनेतला असला तरी त्याची उत्तरे भूशास्त्र, धातुविद्या, उत्खननातले पुरावे आणि कारागिरांचे अनुभव यांतून मिळतात. या विषयावरची चर्चा बहुधा ‘आधी काय बनवावे’ इथून सुरू होते आणि वाफेचे इंजिन, वीज, बंदूक अशी यादी तयार होते. त्याआधी ‘कुठे’ हे विचारायला हवे, कारण पायाखालच्या जमिनीत काय आहे यावर पुढचा सगळा क्रम ठरतो. प्रस्तुत नोंदीत सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचा मराठवाडा, त्यातही पैठणजवळचा गोदाकाठ गृहीत धरला आहे.

भूमी आणि माणसे

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झालेल्या बेसाल्टचा आहे. या खडकाने काळी कसदार जमीन दिली, गारगोटी आणि अकीक दिले, वेरूळच्या लेण्यांना अंग दिले. धातूंच्या बाबतीत मात्र त्याचा हात फार आखडता आहे. तांब्याच्या खाणी नाहीत. कथील, शिसे, जस्त नाही. दगडी कोळसा नाही. नांदेड जिल्ह्यात देगलूर-मुखेडकडे गेले की बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो, आणि दक्षिणेला बिदरच्या पठारावर जांभा खडक आहे. मीठ घाट ओलांडून कोकणातून आणावे लागते. जालन्याच्या सीमेपलीकडे बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे खारे सरोवर आहे. तिथला सोड्याचा क्षार काच आणि साबण या दोन्हींच्या कामाचा.

त्या काळी इथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती. पैठणजवळच्या आपेगावच्या उत्खननात तिचे अवशेष मिळाले आहेत. या लोकांकडे कुंभाराचे चाक होते, गारगोटीची धारदार पाती होती, गुरे होती, मोजकी तांब्याची हत्यारे होती. लोखंड नव्हते. आजच्या माणसाच्या ताटातले पुष्कळसे तिथे सापडणार नाही : मिरची, भुईमूग, मका, टोमॅटो, बटाटा हे सगळे १६ व्या शतकापासून अमेरिकेतून आले. पाहुण्याने गावाला शिकवण्याआधी गावाकडून बरेच शिकावे लागेल, आणि त्याची सुरुवात त्यांच्या भाषेपासून होईल, कारण मराठी तेव्हा जन्मलेलीच नव्हती.

साधनाशिवाय चालणारे ज्ञान

सर्वांत मोलाचे ज्ञान बहुधा हेच, आणि चर्चेत नेमके तेच मागे पडते. पाणी उकळून पिणे, विष्ठा विहिरीपासून व ओढ्यापासून दूर ठेवणे, राखेने हात धुणे, बाळाची नाळ आगीत तापवून घेतलेल्या पात्याने कापणे यांसाठी कुठलाही कारखाना लागत नाही. व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. हगवणीत शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढले की बहुतेक रोगी वाचतात, ही गोष्टही अशीच साधी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे तिचे आजचे घरगुती प्रमाण. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी क्षार-साखरेच्या अशाच पाण्याने असंख्य रोगी वाचवले. साखर नसेल तर धान्याच्या पातळ पेजेत मीठ घालूनही काम होते.

पेरणीचे दिवस ओळखणे हेही असेच ज्ञान आहे, पण त्यात एक खोल खड्डा आहे. मराठवाड्यातला माणूस मृग नक्षत्रावर पेरणी धरतो आणि आज सूर्य ७ जूनच्या सुमारास मृगात जातो. पृथ्वीच्या अक्षाची दिशा हळूहळू फिरत असल्याने नक्षत्रे आणि ऋतू यांचा मेळ साधारण ७२ वर्षांत एक दिवस सरकतो. ३,००० वर्षांपूर्वी सूर्य मृगात जाई तो एप्रिलच्या अखेरीस. नक्षत्रावर विसंबून कोणी बी टाकले तर ते सहा आठवडे आधी कोरड्या ढेकळांत पडेल. ध्रुवताराही तेव्हा ध्रुवस्थानी नव्हता. सावली मात्र फसवत नाही. पैठणच्या अक्षांशावर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा तसे घडते. पहिल्या शून्य सावलीपासून साधारण तीन आठवड्यांनी पावसाची वाट पाहायची. ओळंब्याने सरळ उभी केलेली एक काठी आणि सारवलेले अंगण एवढ्यावर हे पंचांग उभे राहते.

मोजमाप आणि सपाटी

यंत्रांचा विचार करणारे बहुतेक जण मोजमापापाशी अडखळतात, कारण मीटरपट्टी सोबत नाही. ती परत मिळवता येते. दोऱ्याला दगड बांधून लंबक केला आणि एका माध्यान्हीपासून दुसऱ्या माध्यान्हीपर्यंत त्याचे ८६,४०० एकेरी झोके पडतील अशी लांबी ठरवली, तर ती लांबी सुमारे ९९ सेंटिमीटर भरते. सगळे झोके मोजत बसायला नकोत. पाणघड्याळाने दिवसाचा छोटा भाग ठरवून तेवढेच मोजले तरी चालते.

याहून अवघड आणि याहून सुंदर प्रश्न सपाटीचा आहे. संपूर्ण सपाट पृष्ठभाग हा अचूक यंत्रांचा पाया. त्यावरून सरळ कड, काटकोन आणि पुढे लेथ, म्हणजे कातयंत्र, निघतो. पण सपाट वस्तू बनवायला आधी सपाट वस्तू हवी, मग पहिली आणायची कुठून? उत्तर तीन दगडांत आहे. बेसाल्टच्या तीन फरश्या घ्यायच्या. पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, तिसरी पहिलीवर, मध्ये ओली वाळू घालून घासत राहायचे आणि मधूनमधून फरशी फिरवायची. दोनच फरश्या घासल्या तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट होते, आणि दोघी एकमेकींत चपखल बसतात म्हणून माणूस फसतो. तिसरी आली की ही लबाडी टिकत नाही. तिन्ही फरश्या एकमेकींशी जुळायच्या असतील तर तिन्ही सपाटच असाव्या लागतात. गेरू लावून फरशा टेकवल्या की कुठे उंचवटा उरला ते रंग दाखवतो, आणि तेवढाच घासायचा. १९ व्या शतकात जोसेफ व्हिटवर्थच्या काळात इंग्लंडमधल्या यंत्रशाळांनी हीच पद्धत, घासण्याऐवजी खरवडून, बिडाच्या पाट्यांवर वापरली. मराठवाड्यात दगडाला तोटा नाही. वाळू, पाणी आणि अनेक महिन्यांचा धीर एवढेच लागते.

आग, चुना, भिंत

उघड्या चुलीपेक्षा कुंभाराची भट्टी जास्त तापते, आणि चुन्याला लागणारे ९०० अंश सेल्सिअस तिच्या टप्प्यात आहेत. चुनखडीच्या खाणीची गरज नाही; काळ्या रानात चुनखडीचे खडे नांगराला लागतात, तेच वेचून भाजायचे. शुद्ध चुनखडीच्या १०० भारातून ५६ भार कळीचा चुना मिळतो, बाकीचा वायू होऊन जातो. पाण्याने विरवलेल्या चुन्यात भाजलेल्या विटेची भुकटी मिसळून चुना मळायच्या दगडी चाकाच्या घाणीत मळला की ओलाव्यातही घट्ट धरणारा गिलावा तयार होतो. विहिरी, हौद, खापरी नळ यांची दारे इथून उघडतात. औरंगाबादची मलिक अंबरची नहर १७ व्या शतकातली, पण तिला लागणारे बहुतेक साहित्य माती, चुना आणि दगड एवढेच आहे.

भिंतीबद्दलही सांगायला हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे ८,००० माणसे गेली, त्यांतली फार मोठी संख्या जाड दगडी भिंती आणि मातीच्या जड माळवदांखाली. भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते, त्यामुळे ते सुटे होऊन कोसळले. लाकडी खांबांचे सांगाडे मात्र अनेक ठिकाणी उभे राहिले. भिंतीच्या आरपार जाणारे दगड, कोपऱ्यांत बांधणी आणि दारांच्या वर सर्व भिंतींवरून फिरणारा लाकडी पट्टा, एवढ्याने असे घर बरेच सुरक्षित होते. यात सिमेंटचा कण लागत नाही. हे ज्ञान हजारो वर्षे आधी पोचवता आले असते, हा विचार या भागातल्या माणसाला सोडत नाही.

लोखंड

लोखंड १,५३८ अंशांना वितळते, आणि बाभळीचा कोळसा व चामड्याचा भाता यांच्या बळावर साधारण १,२०० अंश मिळतात. तरीही लोखंड हाती येते, कारण ते वितळावे लागतच नाही. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड घन खनिजातूनच ऑक्सिजन काढून घेतो, खनिजातली मळी वितळून खाली जाते आणि स्पंजासारखा लोळा उरतो. तो तापवून घणाखाली पिळून काढायचा. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातली अशी भट्टी उत्खननात मिळाली आहे.

अडचण खनिजाची आहे. पावसाळ्यानंतर ओढ्याच्या वळणावर काळ्या रेतीच्या रेघा दिसतात. ती बेसाल्टमधून सुटलेल्या मॅग्नेटाइटची रेती असून, झारेकरी सोन्याची माती धुतात तशी ती धुऊन वेगळी करता येते. पण तिच्यात टायटॅनियम असते आणि मळी घट्ट होते. पूर्वेला तेलंगणात खनिज बरे मिळते. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद भागातले कोनासमुद्रम हे गाव मुशीत तयार होणाऱ्या पोलादासाठी प्रसिद्ध होते, आणि १९ व्या शतकापर्यंत इराणी व्यापारी तिथे माल घ्यायला येत.

आधुनिक माणसाला ठाऊक असते की पोलादाचा गुण कार्बनच्या प्रमाणावर ठरतो. घिसाडी किंवा लोहार कुऱ्हाड पाजवतो तेव्हा त्याला हे टक्के माहीत असण्याची गरज नसते. तो लाल पाते पाण्यात बुडवतो, घासून लख्ख करतो आणि पुन्हा हलके तापवून पात्यावर चढणारा रंग पाहतो. गव्हाच्या काडासारखा पिवळा आला की सुमारे २३० अंश, निळा आला की ३०० च्या आसपास. धारेला पिवळा, मार खाणाऱ्या हत्याराला निळा. तो क्षण ओळखायला पुस्तकातले वाचन पुरत नाही, ती नजर हातातल्या कामानेच बसते. म्हणून अशा प्रवाशाने आधी कारागीर धरावा, असे या नोंदीचे मत आहे.

कापसाची वाट

कारागिराला काम सोडून भट्टीपाशी बसवायचे तर त्याच्या घरात धान्य हवे. मुरमाड जागी खणलेले पेव बंद केले की आतला ऑक्सिजन संपतो आणि किडे मरतात. असे पेव उघडल्यावर आत पेटता दिवा सोडून पाहावा, तो विझला तर कोणी उतरू नये.

धान्यानंतर मात्र मराठवाड्याचा खरा आधार कापूस आहे. कापूस या उपखंडाचाच. नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन मण्यांत त्याच्या धाग्याचे अवशेष मिळाले आहेत. त्या काळी सूत टकळीवर काढत. चरखा फार उशिरा आला : दौलताबादला येऊन राहिलेल्या इसामी या कवीच्या १३५० सालच्या फार्सी काव्यात त्याचा उल्लेख येतो आणि तो भारतातल्या सर्वांत जुन्या स्पष्ट उल्लेखांपैकी मानला जातो. चरख्यात धातूचा एकही अपरिहार्य भाग नाही. लाकडी चाक, सुताची माळ, बांबूची किंवा लाकडाची चाती. सरकी काढायला लाकडी रेचा, पिंजायला तातीची पिंजण, मग पेळू. एवढ्याने सूत टकळीच्या कित्येक पट निघते, आणि ज्या प्रदेशात धातू नाही तिथे विकायला काहीतरी तयार होते. प्रवाशाने पहिले यंत्र बनवायचे ते हेच, भट्टी त्यानंतर.

धातू व्यापारातून येतो, याचा पुरावा मराठवाड्याच्याच इतिहासात आहे. इ. स. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी नोंदीनुसार पैठण गुजरातमधल्या भडोच बंदराच्या दक्षिणेस सुमारे वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, त्याच्या पूर्वेस दहा दिवसांवर होते. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड आणि तेरहून जाडेभरडे व तलम कापड गाड्यांतून भडोचला जाई. भडोचला उतरणाऱ्या मालात तांबे, कथील, शिसे आणि काच होती.

तांबे आले की तार निघते. त्यासाठी सोनाराच्या जंतरपट्टीसारखी भोकांची कठीण पोलादी पट्टी लागते, म्हणजे आधी पात्याचे रंग ओळखणारा लोहार तयार झालेला असावा लागतो. विजेसाठी वापरायची तर तारेवर वेष्टन हवे. १८३० च्या सुमारास जोसेफ हेन्रीने विद्युतचुंबकासाठी तारेवर रेशीम गुंडाळले होते; सुताचे वेष्टन आणि वर पळसावरच्या लाखेचा थर हेही तेच काम करते. वीज देणाऱ्या व्होल्टाच्या घटाला लागणारे जस्त मात्र हुलकावणी देते. ते ९०७ अंशांनाच वाफ होऊन उडून जाते आणि राजस्थानातल्या झावरच्या कारागिरांसारखी बंद मुशीतून वाफ थंड करून उतरवावे लागते. जस्ताऐवजी लोखंड आणि तांबे आंबट पाण्यात ठेवले तर क्षीण प्रवाह मिळतो. तारेच्या वेटोळ्यात ठेवलेली पोलादी सुई चुंबकीत करण्यापुरता तो वाढवायचा तर असे अनेक घट जोडावे लागतात.