रिले सुटतो तेव्हा

‘भंगारातला बोर्ड जोडला की अर्डुइनो उडतं,’ असं सांगलीतली कॉलेजची मुलं छातीठोकपणे सांगतात. अर्डुइनो म्हणजे टाकी भरली की मोटर बंद करण्यासारखी कामं शिकवता येणारा छोटा कंट्रोलर. मग नवाकोरा सुटा रिले (विजेवर चालणारा स्विच) आणतात आणि कंट्रोलर तरीही मध्येच रीसेट होतो. इथे बोर्डाचं वय बघून उपयोग नाही, रिलेच्या आतली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, बघायला हवी.

कृष्णाकाठी उन्हाळ्यात शेतीपंप एकदम सुरू झाले की घरातलं व्होल्टेज पडतं. त्यामुळे व्होल्टेज सावरणारे जुने स्टॅबिलायझर भंगारात पडलेले असतातच. त्यांच्या साध्या बोर्डावर बहुधा एलएम३२४ ही १४ पायांची आयसी (चिप), काही ट्रान्झिस्टर (छोटे इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि रिले असतात. आयसी व्होल्टेज बघून हुकूम सोडते, ट्रान्झिस्टर तो पाळतो. आयसी काढा. तिच्या १, ७, ८, १४ यांपैकी जो पाय रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसकडे (हुकूम घेणाऱ्या पायाकडे) जातो, तिथे अर्डुइनो नॅनोची पिन जोडा आणि दोन्हींचा ग्राउंड (मायनस) एक करा. हुकूम आता तुमचा. टाकी भरली की मोटर बंद. मात्र बोर्ड ट्रान्सफॉर्मरपासून तोडून वेगळ्या ॲडॅप्टरवरच चालवा. स्टॅबिलायझरचा ग्राउंड थेट घरच्या विजेच्या मेन लाइनला जोडलेला असू शकतो, आणि तो झटका जीवघेणा असतो.

आता कॉइल. १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची, म्हणजे प्रवाह ३० मिलिॲम्पिअर. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कॉइलभोवती उभं राहिलेलं चुंबकीय क्षेत्र क्षणात नाहीसं होत नाही. ते कोसळताना कॉइलमध्येच व्होल्टेज उपजतं, प्रवाह आहे तसा चालू ठेवायला बघणारं. जोसेफ हेन्रीने १८३२ मध्ये हे मांडलं. व्होल्टेज म्हणजे इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला कॉइलचा विरोध) गुणिले प्रवाह बदलण्याचा वेग. समजा इंडक्टन्स अर्धा हेन्री (हे त्याचं एकक) आणि प्रवाह १० मायक्रोसेकंदांत शून्य झाला: ०.५ × ०.०३ ÷ ०.००००१, म्हणजे १५०० व्होल्ट! प्रत्यक्षात मजल तिथवर जात नाही, कारण ४५ व्होल्टपर्यंतच टिकणारा बीसी५४७ ट्रान्झिस्टर त्याआधीच मान टाकतो. कंट्रोलर रीसेट होतो तो याच झटक्याने. बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या प्लगची ठिणगी याच तत्त्वावर पडते.

यावर इलाज म्हणजे कॉइलला समांतर, उलटा जोडलेला १एन४००७ डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग), रेघेची बाजू प्लसकडे. रिले चालू असताना तो नुसता बसून असतो. रिले सुटताना कॉइलचा प्रवाह त्याच्यातून गोल फिरतो, व्होल्टेज पुरवठ्याच्या वर जेमतेम पाऊण व्होल्ट चढतं आणि ऊर्जा तारेत उष्णता होऊन संपते. सुटायला काही मिलिसेकंद जास्त लागतात. टाकीला त्याचं काय? जुन्या बोर्डावर हा डायोड कारखान्यातच बसवलेला असतो. सुट्या रिलेसोबत तो येत नाही.

   

डायोड शाबूत आहे का हे तपासताना मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून थेट लावू नका. कॉइल समांतर असल्याने दोन्ही दिशांना ०.४ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो आणि चांगला डायोडही जळका वाटतो. त्याचा एक पाय सोल्डरमधून सोडवा आणि मग मोजा.