खारा वारा आणि इंजिनाचे बोल्ट

इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्यावर रबरी फाउंडेशनने टेकलेले असतात आणि ती फाउंडेशनं धरून ठेवतात मोजके बोल्ट. बोल्ट म्हणजे खरं तर ताठ स्प्रिंगच. आवळला की तो केसभर ताणला जातो, परत आखडू पाहतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. टॉर्क पाना ही ओढ मोजत नाही, तो फक्त पिळण्याचा जोर मोजतो. त्यातला सुमारे ९० टक्के जोर बोल्टच्या डोक्याखाली आणि आट्यांमध्ये घर्षणातच जिरतो.

कोकणात गोची होते ती इथेच. मालवण, वेंगुर्ला, दापोलीच्या खाऱ्या हवेत आट्यांवर गंज धरला की घर्षण वाढतं. पाना ठरलेल्या आकड्याला 'टक्' करतो, पण बोल्ट पुरता ताणलेलाच नसतो. मग करूळ घाटाच्या वळणांवर इंजिन डोलतं, भाग एकमेकांवर सरकतात, भोक झिजतं आणि एक दिवस बोल्ट तुटतो.

पण म्हणून सढळ हाताने तेल लावणंही चूकच. १० मिमीचा ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा दर्जा) बोल्ट कोरड्या आट्यांवर ४८ न्यूटन-मीटरला आवळला, तर सुमारे २४ किलोन्यूटन पकड मिळते, म्हणजे जवळजवळ अडीच टन. तेल लावून तोच आकडा गाठला, तर ती ३२ किलोन्यूटनच्या आसपास जाते आणि बोल्ट आपल्या मर्यादेच्या काठावर येतो. आकडा नेहमी आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्यावा आणि आटे कोरडे ठेवायचे की तेलकट, तेही तिथेच पाहावं.

गंजलेला बोल्ट खोलण्याआधी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. बसवताना ते पूर्ण पुसा, आटे तारेच्या ब्रशने घासा. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. खड्डे पडलेला बोल्ट टाकून द्या. नवा घेताना डोक्यावरचा ग्रेडचा आकडा जुळवा. ब्रॅकेट, म्हणजे फाउंडेशन जोडायचा धातूचा आधार, ॲल्युमिनियमचं असेल तर जास्त जपा: पोलाद, ॲल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आलं की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते, ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि आट्यांत पांढरी भुकटी साचते.

क्रमही महत्त्वाचा. ऑइल चेंबरखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन तोला. सगळे बोल्ट आधी हातानेच लावा. ब्रॅकेटचे बोल्ट आवळा, पण रबराच्या मधला बोल्ट सैल ठेवा. जॅक उतरवा, इंजिन थोडं हलवून वजनाने बसू द्या, मगच मधला आवळा. आधीच आवळला तर रबर पिळलेलंच राहतं, गाडी थरथरते आणि रबर लवकर फाटतं. गिअरबॉक्स इंजिनाला जोडताना तो हातानेच पूर्ण भिडवायचा. बोल्टने ओढून आणला तर त्याचा कान, म्हणजे बोल्टचं भोक असलेला पुढे आलेला भाग, तडकतो.

आवळताना इम्पॅक्ट गन (धक्के देत बोल्ट फिरवणारं यंत्र) नको. दोन टप्प्यांत, सलग आणि सावकाश ओढा. 'टक्' झालं की थांबा, दुसऱ्यांदा ओढू नका. शेवटी बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटवर रंगाची एक रेघ मारा. पावसाळा संपल्यावर गाडीखाली डोकावा: रेघ तुटलेली दिसली, तर बोल्ट फिरला हे पाना न लावताच कळतं.