फ्रेंच क्रियापदरूपे : अक्षरविभागणी व उच्चार

फ्रेंचमध्ये क्रियापद चालवताना लेखनात दिसणारे अनेक फरक कानाला जाणवत नाहीत. त्यामुळे अक्षरांची, म्हणजे एकेका स्वराभोवती जमणाऱ्या ध्वनिसमूहांची, विभागणी उच्चारावरूनच करावी लागते. ‘पार्ले’ (बोलणे) या धातूची वर्तमानकाळातील एकवचनाची तिन्ही रूपे आणि तृतीय पुरुषी अनेकवचन या सर्वांचा उच्चार ‘पार्ल्’ असा एकाक्षरी होतो. अनेकवचनाच्या अंती लिहिले जाणारे इ, एन, टी (e, n, t) हे वर्ण मूक असतात. नामाच्या अंती मात्र त्यांचा अनुनासिक ‘आँ’ होतो. म्हणून ‘कुवाँ’ (मठ) आणि ‘कुव्’ (अंडी उबवतात) यांचे लेखन तंतोतंत सारखे आहे. अभिजात पद्यात अशा रूपातील मूक इ पुढे व्यंजन असल्यास स्वतंत्र अक्षर म्हणून मोजला जातो.

पुढील शब्द स्वरादी असला की अंत्य व्यंजन त्याला जाऊन मिळते. ‘तो प्रेम करतो’ याचा उच्चार ‘इ-लेम्’, तर ‘ते प्रेम करतात’ याचा ‘इल्-झेम्’ (‘झाड’मधील झ). क्रियापद दोन्हीकडे ‘एम्’ असेच ऐकू येते. वचनभेद कळतो तो या झ-मुळे.

प्रश्नार्थक रचनेतील ‘त्’ची उपपत्ती विवाद्य आहे. ‘आ-तिल्’ (त्याच्याकडे आहे का?) यातील त् हा लॅटिन तृतीय पुरुषी प्रत्ययाचा अवशेष असल्याचे मत पूर्वी मांडले गेले. तथापि स्वरान्त रूपांतील तो प्रत्यय साधारणतः बाराव्या शतकाच्या सुमारास लुप्त झालेला दिसतो आणि जुन्या पद्यात अशा ठिकाणी स्वरलोप करून ‘ए-मिल्’ (तो प्रेम करतो का?) असाच पाठ आढळतो. एवढा खंड पडल्यावर तोच त् टिकून राहिला असे मानणे कठीण असल्याने, ‘ए-तिल्’ (तो आहे का?), ‘दि-तिल्’ (तो म्हणतो का?) यांसारख्या मूळच्या तकारान्त रूपांच्या सादृश्याने तो नव्याने आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सोळाव्या शतकातील व्याकरणकार हा त् लेखनात नसतानाही उच्चारला जात असल्याचे नमूद करतात. फ्रेंच व्याकरणकार वोझला याने १६४७ मध्ये तो लिहिलाच पाहिजे, असा आग्रह धरला. पुढे बोलीभाषांत ‘तिल्’मधील ल् गळून ‘ति’ हे सर्व पुरुषांना लागणारे प्रश्नचिन्हक बनले. कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या फ्रेंचचे प्रश्नार्थक ‘त्यू’ सामान्यतः त्याच्याशीच जोडले जाते.

धातूतील स्वरभेदांचे मूळ बव्हंशी लॅटिन आघातात आहे. ‘मर्’ (मी मरतो) यात आघात धातूवर होता, ‘मुरों’ (आपण मरतो) यात तो प्रत्ययावर होता. स्वर त्यानुसार बदलला. याच धातूत ‘मु-रे’ (तो मरत होता) आणि ‘मुर्-रे’ (तो मेला असता) यांत अर्थभेद केवळ र्-च्या द्वित्वावर अवलंबून असून, दुसऱ्या रूपात अक्षरसीमा दोन र्-च्या मधून जाते.