मावळत्या नेत्याचे लष्करी करार व उत्तराधिकाऱ्यावरील बंधन

परदेशात सैन्य ठेवणे, ते मागे घेणे, तळ वापरायला देणे किंवा युद्धात मदतीला जाणे याबाबत एखाद्या नेत्याने सत्ता सोडण्याच्या सुमारास केलेला करार त्याच्या जागी येणाऱ्याने पाळायचा का, हा आंतरराष्ट्रीय राजकारणातला जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे. कायद्याचे उत्तर थोडक्यात सांगता येते. करार माणसाचा नसतो, राज्याचा असतो. त्यामुळे सरकार बदलले तरी तो कायम राहतो. इतिहासात मात्र असे करार टिकले की मोडले, हे बऱ्याचदा एका गोष्टीवरूनही ठरले: सही करताना तो उघडपणे लोकप्रतिनिधींसमोर ठेवला होता की नाही.

१९६९ च्या व्हिएन्ना करारात (करारांचा कायदा) याविषयी तीन कलमे महत्त्वाची आहेत. लागू असलेला करार सद्‌भावनेने पाळलाच पाहिजे, असे कलम २६ सांगते. देशातल्या कायद्याची सबब पुढे करून तो मोडता येत नाही, असे कलम २७ म्हणते. कलम ४६ एक अरुंद वाट मोकळी ठेवते: करार करण्याच्या अधिकाराविषयीचा देशातला अगदी मूलभूत नियम उघड उघड मोडून सही झाली असेल, तर ती संमती अवैध ठरवता येते. भारत या कराराचा सदस्य नाही. अमेरिकेने सही केली, पण सिनेटची मान्यता कधीच मिळाली नाही. तरीही यातली बरीच तत्त्वे रूढ कायदा म्हणून दोन्ही देश मानतात.

महाराष्ट्राच्या इतिहासात हा प्रश्न व्हिएन्नाच्या कितीतरी आधी येऊन गेला आहे. नारायणरावांच्या खुनानंतर पेशवेपदी बसलेल्या रघुनाथरावाला बारभाईंनी पदच्युत केले. मग त्याने ६ मार्च १७७५ रोजी मुंबईच्या इंग्रजांशी सुरतेचा तह केला. अडीच हजार सैनिकांच्या मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देण्याचे त्याने कबूल केले. पुण्यात सवाई माधवरावांच्या नावाने कारभार चालत होता, आणि या कारभाऱ्यांच्या लेखी रघुनाथरावाच्या सहीला किंमत नव्हती. गंमत नव्हे, दुर्दैव असे की इंग्रजांकडच्या पक्षाचा अधिकारही पक्का नव्हता. मुंबईवर अधिकार असलेल्या कलकत्त्याच्या इंग्रज कौन्सिलने मुंबईकरांचा तह अमान्य केला आणि १ मार्च १७७६ रोजी पुण्याशी पुरंदरचा वेगळा तह केला. सही करणाऱ्याला सहीचा अधिकार होता का, या एका मुद्द्यावर युद्ध पेटले आणि ते पुढे सालबाईच्या तहापर्यंत, म्हणजे १७८२ पर्यंत रेंगाळले.

विसाव्या शतकातले सर्वांत वेदनादायक उदाहरण व्हिएतनामचे. युद्ध थांबवण्याच्या पॅरिस करारावर सही करायला दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थियू तयार होईनात, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी त्यांना खासगी पत्रे लिहिली. उत्तर व्हिएतनामने करार मोडला तर अमेरिका पूर्ण ताकदीने उत्तर देईल, असे जानेवारी १९७३ च्या पत्रात आश्वासन होते. अमेरिकन काँग्रेसला या पत्रांचा पत्ता नव्हता. तिने त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून इंडोचायनातल्या लष्करी कारवायांचा निधी थांबवला. ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांनी राजीनामा दिला. १९७५ च्या वसंतात दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावकडे उत्तरेचे रणगाडे येत असताना नवे अध्यक्ष फोर्ड यांच्या हातात ना पैसा होता ना परवानगी. ३० एप्रिलला सायगाव पडले. थियूंच्या दृष्टीने तो अमेरिकेचा शब्द होता, काँग्रेसच्या दृष्टीने असा शब्द दिलेलाच नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या मते गुप्त वचनाचा खरा दोष हाच आहे. ते देणाऱ्याला काही मोजावे लागत नाही, विश्वास ठेवणाऱ्याला देश गमवावा लागतो.

इराक, २००८. मावळत्या अध्यक्षाने केलेल्या कराराचे हे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण. इराकमधील परदेशी सैन्याला संयुक्त राष्ट्रांनी दिलेली मुदत ३१ डिसेंबर २००८ ला संपत होती. बराक ओबामा ४ नोव्हेंबरला निवडून आले. बुश यांच्या सरकारने १७ नोव्हेंबरला, म्हणजे उरलेल्या दोन महिन्यांच्या कारकिर्दीत, बगदादमध्ये सैन्यविषयक करार केला. अमेरिकेतर्फे राजदूत रायन क्रॉकर आणि इराकतर्फे परराष्ट्रमंत्री होशियार झेबारी यांनी सह्या केल्या. ३० जून २००९ पर्यंत लढाऊ तुकड्या शहरांबाहेर आणि ३१ डिसेंबर २०११ पर्यंत सगळे सैन्य देशाबाहेर, असे त्यात ठरले. २७ नोव्हेंबरला इराकच्या २७५ सदस्यांच्या संसदेत १४९ जणांनी बाजूने मत दिले. अमेरिकेत मात्र तो सिनेटपुढे गेलाच नाही. अध्यक्षांच्या अधिकारातला करार म्हणून तो लागू झाला. ज्या देशात परदेशी सैन्य होते त्याच्या संसदेत मतदान झाले, आणि ज्याचे सैन्य होते त्या देशाच्या संसदेत झाले नाही. १४ डिसेंबरला बुश आणि पंतप्रधान मालिकी बगदादमध्ये पत्रकारांसमोर उभे असताना मुंतझर अल-झैदी या पत्रकाराने बुश यांच्यावर एकामागून एक दोन्ही बूट फेकले. जगाला तो दिवस बुटांमुळे आठवतो. बुश त्या दिवशी बगदादला गेले होते ते याच करारासाठी, हे फार थोड्यांना आठवते.

असा करार काँग्रेसच्या मान्यतेशिवाय होऊ नये, अशी भूमिका ओबामा यांनी सिनेटर असताना घेतली होती. सत्तेवर आल्यावर त्यांनी तो मोडला नाही. २०११ मध्ये काही सैन्य मागे ठेवण्याची बोलणी झाली. पण अमेरिकन सैनिकांना इराकी न्यायालयांपासून संरक्षण देण्याचा मुद्दा इराकच्या राजकारणात पार पडेना. शेवटच्या तुकडीने १८ डिसेंबर २०११ ला कुवेतची हद्द ओलांडली. हा करार टिकला, कारण तो नव्या अध्यक्षाच्या धोरणाशी जुळत होता आणि इराकी संसदेने त्यातल्या तारखेला आपली तारीख मानले होते.

अफगाणिस्तानात दोन्ही टोके पाहायला मिळाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये लोया जिरग्याने, म्हणजे अफगाण प्रतिनिधींच्या महासभेने, शिफारस करूनही अध्यक्ष हमीद करझाई यांनी अमेरिकेशी सुरक्षा करारावर सही केली नाही. ती पुढच्या अध्यक्षाने करावी, असे ते म्हणाले. अश्रफ घनी यांनी २९ सप्टेंबर २०१४ ला शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी सही झाली. पुढे २९ फेब्रुवारी २०२० च्या दोहा करारात ट्रम्प सरकारने तालिबानला १ मे २०२१ पर्यंत माघारीचे वचन दिले. त्या बोलण्यांत काबूलच्या सरकारला जागाच नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये बायडन यांनी सांगितले की आपण स्वतः असा करार केला नसता, पण तो अमेरिकेच्या सरकारने केला आहे आणि त्याला अर्थ आहे. त्यांनी फक्त मुदत लांबवली.

भारत. राज्यघटनेच्या केंद्रसूचीतील नोंद १४ आणि अनुच्छेद ७३ यांनुसार करार करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. त्याला संसदेची मान्यता बंधनकारक नाही. अंमलबजावणीसाठी कायदा लागला तर अनुच्छेद २५३ खाली तो संसद करते. त्यामुळे भारतात सातत्य जपले गेले ते बरेचसे संकेताने. ९ ऑगस्ट १९७१ चा भारत–सोव्हिएत मैत्री करार इंदिरा गांधींच्या सरकारने केला. १९७७ मध्ये मोरारजी देसाईंचे सरकार आले, तेव्हाही सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांच्या एप्रिलमधल्या दिल्लीभेटीत तो करार कायम असल्याचे स्पष्ट करण्यात आले. अमेरिकेशी दहा वर्षांचा संरक्षण आराखडा २००५ मध्ये प्रणव मुखर्जी यांनी केला आणि ३ जून २०१५ ला गोव्याचे मनोहर पर्रीकर यांनी संरक्षणमंत्री म्हणून पुढच्या दहा वर्षांसाठी त्यावर सही केली. मधल्या काळात केंद्रात पक्ष बदलला होता.

श्रीलंकेत मात्र दोन्हीकडचे नेते बदलले आणि किंमत जवानांनी मोजली. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि अध्यक्ष जयवर्धने यांनी तिथल्या तमिळ प्रश्नावर करार केला. श्रीलंकेचे तेव्हाचे पंतप्रधान प्रेमदासा यांनी सहीच्या समारंभावर बहिष्कार टाकला. दुसऱ्या दिवशी मानवंदनेच्या रांगेतल्या एका नौसैनिकाने बंदुकीच्या दस्त्याने राजीव गांधींवर वार केला. कराराला घरात किती विरोध होता, हे तिथेच दिसले होते. श्रीलंकेच्या अध्यक्षांनी बोलावल्यास भारतीय शांतिसेना येईल, असे कराराच्या जोडपत्रात होते. बोलावण्याचा अधिकार ज्या पदाकडे, निरोप देण्याचा अधिकारही त्याच पदाकडे, असा त्याचा अर्थ प्रेमदासांनी पुढे लावला.

ऑक्टोबर १९८७ पासून शांतिसेना वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेशीच लढू लागली. २५ नोव्हेंबरच्या रात्री जाफना भागात शोधमोहिमेवरून परतणाऱ्या ८ महार या पलटणीच्या तुकडीवर हल्ला झाला. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी वळसा घालून हल्लेखोरांना मागून गाठले. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरपर्यंत तुकडीला आदेश देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. करारावरची शाई चार महिन्यांचीही नव्हती.

२ जानेवारी १९८९ ला प्रेमदासा अध्यक्ष झाले. कराराला दोन वर्षे पूर्ण होतील त्या दिवसापर्यंत, म्हणजे २९ जुलैपर्यंत, भारतीय सैन्याने निघून जावे, अशी जाहीर मागणी त्यांनी १ जूनला केली. राजीव गांधींचे म्हणणे असे की माघारीचे वेळापत्रक तमिळांना अधिकार देण्याच्या वचनाशी जोडलेले आहे. एका बाजूने आपले वचन न पाळता दुसऱ्या बाजूकडे बोट दाखवू नये, असा त्याचा अर्थ. दोन्ही बाजूंना कराराचा आधार होता, म्हणूनच तोडगा निघेना. दरम्यान प्रेमदासांच्या सरकारने एलटीटीईशी बोलणी सुरू केली होती, आणि जंगलात लढणाऱ्या भारतीय जवानांसाठी यजमानच शत्रूच्या बाजूला गेल्यासारखे झाले. डिसेंबर १९८९ मध्ये भारतातही सत्तांतर झाले. व्ही. पी. सिंग यांनी आधीच्या सरकारची भूमिका ताणून न धरता माघार पूर्ण केली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली.

सुमारे १,२०० जवान परत आले नाहीत. मद्रास बंदरातल्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. त्या जवानांच्या नावांचे स्मारक नंतर श्रीलंकेनेच कोलंबोलगतच्या श्रीजयवर्धनपुर कोट्टे येथे उभारले.