काळ्या शेलमधला गुदमरलेला समुद्र

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात मार्सेलस नावाचं गाव आहे. तिथे उघड्यावर दिसणाऱ्या काळ्या खडकाला गावाचंच नाव मिळालं, मार्सेलस शेल. वय सुमारे 39 कोटी वर्षं. आपला दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आणि लाव्हाचा; हा शेल मात्र समुद्रतळाचा चिखल दाबला जाऊन घट्ट झालेला.

डेव्होनियन कल्पात, म्हणजे हा चिखल साचला त्या काळात, या भागाच्या पूर्वेला भूखंडांच्या टकरीतून अकेडियन पर्वत उभा राहत होता. त्याच्या भाराने शेजारचं भूकवच खाली वाकलं आणि त्या खोलगट भागातल्या समुद्रात नद्यांचा गाळ बसू लागला. वाळू किनाऱ्यालगत राहिली, खोलवर पोचला तो अगदी बारीक चिखल.

या शेलचा तुकडा हातात घेऊन कडेला चाकूचं टोक घातलं, की पातळ पापुद्रे सुटतात. ते इतके शाबूत का राहिले, हा मला या खडकाचा सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नव्हता. चिखल उकरणारे जीव तिथे तग धरू शकले नाहीत, म्हणून थर विस्कटले नाहीत. वरून पडणारे मेलेले सूक्ष्मजीवही पुरते कुजले नाहीत. त्यांच्याच कार्बनने खडक काळा झाला. मधूनच पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाचे, पिवळे कण चमकतात, तीही प्राणवायूच्या अभावाचीच खूण.

पुढे खोल गाडल्या गेलेल्या या कार्बनचा उष्णतेने वायू झाला. 1821 साली याच राज्यात फ्रेडोनिया इथे विल्यम हार्ट यांनी डेव्होनियन शेलमध्ये विहीर खणून वायू काढला आणि त्यावर गावात दिवे लागले. मार्सेलसचा वायू मात्र घट्ट अडकलेला आहे. आडवी विहीर खोदून, पाण्याच्या प्रचंड दाबाने खडकाला भेगा पाडाव्या लागतात. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात हे जोरात चालतं, न्यूयॉर्कने त्यावर बंदी घातली आहे.

मार्सेलसच्या वरचे शेल करडे होत जातात. तळाला पुन्हा प्राणवायू मिळू लागला होता. म्हणून तिथे शिंपल्यांसारखे बाहुपाद, अंग गुंडाळून घेतलेले ट्रायलोबाइट (आता नामशेष झालेले समुद्री जीव) आणि शिंगाच्या आकाराचे प्रवाळ सापडतात. अशाच डेव्होनियन प्रवाळांवरच्या बारीक वाढरेषा कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉन वेल्स यांनी मोजल्या. रोजची एक रेष धरली, तर एका वर्षात सुमारे 400 रेषा भरत होत्या. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावत आली आहे, हे खगोलशास्त्रज्ञांचं गणित होतंच. 1963 मध्ये त्याला जीवाश्मांची साक्ष मिळाली: डेव्होनियनमधला दिवस साधारण 22 तासांचा होता.