पावागडाचा माथा कशाने टिकला?

‘पावागड हा झोपलेला ज्वालामुखी आहे, कधीतरी जागा होईल’ हे जवळच्या डोंगराविषयीचे वाक्य बडोद्यात पुष्कळांच्या कानावरून गेलेले असते. ते चूक आहे. ज्याच्या पोटाखाली शिलारसाचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा, पुरवठा अजून शिल्लक आहे, त्यालाच झोपलेला ज्वालामुखी म्हणता येते. पावागडाचे थर दख्खनच्या लाव्हापर्वातले, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. त्या लाव्हाचा उष्ण स्रोत आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही लाव्हा ओकतो. भारताचे कवच मात्र त्या स्रोतावरून सरकत हजारो किलोमीटर उत्तरेला निघून आले. पावागडाखाली आता पेटायला काही उरलेले नाही.

दुसरी समजूत नावावरून आलेली: डोंगराचा पाव भाग वर दिसतो, उरलेला तीनचतुर्थांश जमिनीत आहे. कथा म्हणून ती ऐकावी, खडक तिला दुजोरा देत नाहीत. लाव्हाच्या थरांखाली चांपानेर गटाचे, लाव्हाहून कितीतरी जुने खडक आहेत. ते आसपासच्या टेकड्यांत उघडे पडलेले दिसतात. डोंगराचा आकारही लाव्हा साचून झालेल्या शंकूचा नाही. आडवे थर एकावर एक बसले, भोवतालचे झिजून गेले आणि मधला ढीग उरला. पायथ्यापासून माचीपर्यंत आणि माचीवरून वर जाताना सपाटी, कडा, पुन्हा सपाटी अशा पायऱ्या दिसतात, त्या ह्याच थरांच्या.

मग हाच ढीग का उरला? उत्तर माथ्यावर आहे. खालचे थर मुख्यतः काळ्या बेसाल्टचे, तर माथ्याचा खडक फिकट रंगाचा रायोलाइट. एकाच डोंगरात इतके वेगळे खडक येतात कसे?

सरबत फ्रीजरमध्ये अर्धवट गोठवून पाहा. आधी जवळजवळ शुद्ध पाण्याचे स्फटिक धरतात आणि उरलेला पातळ भाग अधिक गोड होतो. शिलारसाचे तसेच. बेसाल्टच्या रसात सुमारे 50 टक्के सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे संयुग, असते. तो 1200 अंश सेल्सिअसच्या आसपास असताना ऑलिव्हिन ह्या खनिजाचे स्फटिक आधी तयार होतात. त्यांत सिलिका फक्त 40 टक्क्यांच्या आसपास, आणि ते जड म्हणून तळाशी बसतात. पाठोपाठ पायरॉक्सीन, चुनायुक्त फेल्डस्पार आणि मॅग्नेटाइट वेगळे होतात. मॅग्नेटाइटमध्ये तर सिलिका मुळीच नसते. हिशेब करा: 100 भाग रसातून सरासरी 47.5 टक्के सिलिकेचे 90 भाग स्फटिक निघाले, तर त्यांनी 42.75 भाग सिलिका नेली. उरलेल्या 10 भाग रसात 7.25 भाग सिलिका राहिली, म्हणजे 72.5 टक्के. हाच रायोलाइट! पावागडाच्या थरांत ऑलिव्हिनने भरलेला पिक्राइटही सापडतो, म्हणजे ह्या साखळीचे दुसरे टोकही ह्याच डोंगरात आहे. जुन्या कवचातल्या खडकांची थोडी भर रायोलाइटच्या रसात पडली असावी, पण मुख्य काम ह्या गाळणीचे.

सिलिका वाढली की रस घट्ट होतो. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात आणि हे चौकट-गट एकमेकांचे ऑक्सिजन वाटून घेत साखळ्या, मग जाळी बांधतात. बेसाल्टचा रस मधासारखा वाहतो. रायोलाइटचा त्याहून लाखो पट चिकट, म्हणून फार लांब न जाता जाड थर करून बसतो. भराभर थंड झाला तर स्फटिक धरायला वेळच मिळत नाही आणि काच बनते. पिचस्टोन नावाची तशी काळपट, राळेसारखी चकाकणारी काच पावागडावर आहे.

आता झीज. पावसाच्या पाण्यात किंचित आम्ल असते. बेसाल्टमधले ऑलिव्हिन, पायरॉक्सीन आणि चुनायुक्त फेल्डस्पार त्याने कुजतात व त्यांची चिकणमाती होते. कपाशीची काळी जमीन अशीच बनलेली. रायोलाइटमधले क्वार्ट्झ ह्या पाण्याला दाद देत नाही. म्हणून माथ्यावरची रायोलाइटची टोपी टिकली आणि टोपीखालचा बेसाल्टही टिकला. टोपी नसलेला भोवतालचा लाव्हा मात्र गेला.

खडक ओळखायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. ताजा तुटलेला तुकडा घ्या. हवेने गंजलेली साल फसवते. बेसाल्ट काळा आणि हाताला जड, घनता पाण्याच्या 2.9 पटीच्या आसपास. रायोलाइट फिकट, 2.5 च्या आसपास. दोऱ्याला टांगलेले छोटे जोरदार चुंबक बेसाल्टकडे सहसा झुकते, कारण त्यात मॅग्नेटाइट असते. तुकडा कड्यातून फोडू नका, वाटेवर पडलेलाच पुरे.

कड्यांनी इतिहासही घडवला. गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याला 1484 साली हा गड दीर्घ वेढ्यानंतर मिळाला. 1535 मध्ये हुमायूनने कड्यात लोखंडी खुंट्या ठोकून सुमारे 300 माणसे रात्री वर चढवली. पुढे गड शिंद्यांकडे आला, 1803 मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि लवकरच परत दिला.

कडा मागे सरकण्याचे काम मात्र चालूच आहे. खालचा बेसाल्ट कुजून पोकळी होते, वरचा रायोलाइट अधांतरी राहतो, उभ्या भेगांत पाणी व मुळे शिरतात आणि चौकोनी ठोकळा सुटतो. म्हणून जोराचा पाऊस चालू असताना आणि थांबल्यावर काही तास उभ्या कड्याखाली विसाव्याला बसू नये. ताजा, डाग न पडलेला फिकट खडक जिथे दिसतो, तिथून ठोकळा अलीकडेच निसटलेला असतो. सुटलेली माती पावसाच्या पाण्याबरोबर ह्याच डोंगरात उगम पावणाऱ्या विश्वामित्रीत उतरते आणि नदी ती बडोद्याकडे आणते.